एका अंगठ्याची गोष्ट

जुन्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग मिटवत असत. त्यात कुणालाही वावगं वाटत नसे. मग तशीच दुरुस्ती एका सरकारी छायाचित्रात झाली, तेव्हा वाद का झाला? ते आज आपण पाहू.

मार्च १९३६. अमेरिका महामंदीत होरपळत होती. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. पीक गारठलेलं, हाताला काम नाही. सरकारी खात्यासाठी काम करणाऱ्या डोरोथिया लँग यांनी तिथं फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन या ३२ वर्षांच्या आईचे मुलांसह फोटो काढले. त्यातला एक 'मायग्रंट मदर' या नावानं जगभर गेला.

पण त्या फोटोत उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला होता. लँगबाईंना तो खुपत होता. १९३९ मध्ये त्यांनी मूळ निगेटिव्हवरच काम करवून तो घालवला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, फोटोत उजळ ते तिथं काळं. अशी जागा फिकी करायला त्या काळी धारदार पात्यानं चांदीचा थर हळूहळू खरवडत. हात जड पडला की निगेटिव्ह कायमची वाया!

विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर मात्र नाराज झाले. त्यांची भीती पोकळ नव्हती. १९३६ मध्येच त्यांच्या आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकारानं दुष्काळाच्या फोटोसाठी गुराची कवटी थोडी सरकवली होती, आणि विरोधी वर्तमानपत्रांनी खोटेपणाची ओरड केली होती. एका कोपऱ्यात हात फिरवला, तर बाकीच्या हजारो फोटोंवर लोकांनी भरवसा का ठेवावा?

आम्हाला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. अंगठा गेल्यानं नजर आईच्या चेहऱ्यावर ठरते, आणि त्या चेहऱ्यातली काळजी कुणी रंगवलेली नाही. तरीही हा निवाडा आज आपण करू शकतो, कारण अंगठा असलेली जुनी प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. दुरुस्त केलेल्या फोटोतही त्या अंगठ्याची पुसट खूण दिसतेच.

तेव्हा घरी आजोबांचा डागाळलेला फोटो कॉम्प्युटरवर जरूर सुधारा. फक्त आधी आहे तसा स्कॅन करून ती प्रत वेगळी ठेवा, आणि काय बदललं ते सोबत दोन ओळीत लिहून ठेवा.