जरीना उठून उभी राहिली
अमेरिका १७७६ साली स्वतंत्र झाली. पण फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना ओढून उठवलं गेलं. गुलामीतून सुटलेले रिचर्ड ॲलन तिथून निघाले. १७९४मध्ये त्यांनी आपलं चर्च उघडलं.

त्यांच्याकडे जरीना ली गेली. लहानपणापासून लोकांच्या घरी राबलेली. मला प्रवचन करायचंय, म्हणाली. बाईचं प्रवचन आमच्या नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. स्वतः अपमान सोसलेला माणूस, तरी बघा!

पुढे ती विधवा झाली, पदरी दोन लेकरं. १८१९मध्ये चर्चमध्ये प्रवचनकार अडखळला, तशी ती उठून बोलू लागली. आता हाकलतील, अशी धास्ती होतीच. पण ॲलन यांनीच उभं राहून तिची बाजू घेतली.

नंतर एका वर्षात ती सुमारे ३,७०० किलोमीटर हिंडली, १७८ प्रवचनं केली. धर्मगुरूची दीक्षा मात्र तिला मिळाली नाही.