बर्फावरचा मास्तर

आमच्या पिढीच्या मराठी माणसाचा बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरताच. तरीही टीव्हीवर स्कीच्या शर्यती लागल्या की मी खुर्ची सोडत नाही. डोंगरउतारावर रोवलेल्या काठ्यांमधून पोरं-पोरी सपासप वळत खाली येतात. या शर्यतीला स्लॅलम म्हणतात. जन्मभर खडू हातात धरलेला असल्यामुळे मला प्रश्न पडतो तो वेगळाच. हे वळायला शिकवलं कोणी, आणि ही परीक्षा काढली कोणी? शोधत गेलो तेव्हा या गोष्टीत दोन माणसं प्रामुख्यानं भेटली. एक शिक्षक, एक परीक्षक.

शिक्षकाचं नाव हानेस श्नायडर. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागातल्या श्टुबेन या खेड्यात १८९० साली त्याचा जन्म झाला. स्की हा मूळचा नॉर्वेचा प्रकार. पण आल्प्सचे उतार फार उभे. तिथे पळण्यापेक्षा वळणं आणि थांबणं महत्त्वाचं. माथियास झ्डार्स्की या ऑस्ट्रियन माणसानं त्यासाठी तंत्र बसवलं आणि १९०५ साली लिलिएनफेल्डजवळच्या डोंगरावर फाटकं रोवून शर्यतही घेतली. श्नायडर त्याच्या पुढे गेला. १९०७ साली तो सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना स्की शिकवायला लागला, आणि पहिल्या महायुद्धात त्याच्यावर सैनिकांना शिकवायची वेळ आली. थोड्या दिवसांत, पुष्कळ जणांना, तेही जिवावर न बेतता! ज्यानं साठ-सत्तर मुलांचा वर्ग एकट्यानं सांभाळला आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. एकेकाचा हात धरून भागत नाही, पद्धत लागते.

ती त्यानं बसवली. आधी दोन्ही पायांतल्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकलेली, नांगरासारखी. म्हणजे वेग आवरतो. ते जमलं की एका पट्टीवर भार टाकून सावकाश वळण. मग वळणाच्या शेवटी दोन्ही पट्ट्या समांतर. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. युद्धानंतर त्यानं स्कीची शाळाच काढली. तिथे वयानं किंवा पैशानं नव्हे, तर कुवतीप्रमाणे वर्ग पाडले जात. म्हणजे एखादा श्रीमंत पाहुणा आणि गावचा पोरगा एकाच तुकडीत! ही पद्धत ‘आर्लबर्ग तंत्र’ म्हणून जगभर गेली. १९३० साली खुद्द जपाननं त्याला बोलावून घेतलं.

आता परीक्षक. आर्नल्ड लन हा इंग्रज, पण जन्म आपल्या मद्रासचा, १८८८ सालचा. वडील मिशनरी होते. त्या काळी वळणांना गुण मिळत ते ढंग बघून. लनचं म्हणणं सरळ होतं. वळायचं कशासाठी, तर झाडांमधून लवकर आणि धड खाली यायला. मग देखणेपणाला गुण कशाला? घड्याळ लावा. १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन इथे त्यानं घड्याळावर स्लॅलम घेतला, आणि आजच्या स्लॅलमची सुरुवात तिथून मानतात.

१९२८ साली दोघांनी मिळून सांक्ट आंटोनला ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. आल्प्समध्ये कंदाहार कुठून आलं? १८८०च्या अफगाण युद्धात नाव कमावलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या किताबातून. त्याच्या नावाच्या चषकासाठी १९११ साली लन मंडळींनी स्वित्झर्लंडमध्ये शर्यत भरवली होती. पुढे लनच्या क्लबालाही तेच नाव मिळालं.

१९३६ साली ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीला प्रवेश मिळाला, पण स्की शिकवणाऱ्यांना ‘धंदेवाईक’ ठरवून दार बंद! ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे कसलेले गडी त्यामुळे दूर राहिले. शिकवणं हाच गुन्हा, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

पण खरी परीक्षा १९३८च्या मार्चमध्ये आली. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि लगेच श्नायडरला अटक झाली. नाझींविषयीची नापसंती त्यानं लपवली नव्हती. सांक्ट आंटोन नावारूपाला आणणारे त्याचे सहकारी रुडॉल्फ गोम्पर्झ ज्यू वंशाचे होते. १९४२ साली नाझींनी त्यांचा जीव घेतला. त्याच दिवसांत तिथे आर्लबर्ग-कंदाहार व्हायची होती. मास्तर कोठडीत असताना शर्यत होणार नाही, असं म्हणून लननं ती रद्द केली. घड्याळाशिवाय कशाला गुण न देणारा हा माणूस! त्या वर्षी त्यानं घड्याळच लावलं नाही.

अमेरिकेतल्या हार्वे गिब्सन या बँकरच्या खटपटीमुळे श्नायडर सुटला आणि १९३९च्या फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉन्वे गावी पोचला. स्टेशनबाहेर शाळेतल्या मुलांनी स्कीच्या काठ्या उंच धरून कमान केली होती, आणि तिच्याखालून तो चालत गेला. पुढे तिथेच त्यानं शिकवलं आणि १९५५ साली तिथेच देह ठेवला.

मोठमोठे सत्कार झालेले मी पाहिलेत. मुलांच्या हातच्या त्या कमानीची सर कशालाच नाही. आता शर्यत लागली की नातवंडांना सांगतो, आधी तो पोरगा वळतो कसा ते बघा, मग नंबर कितवा ते.