तळटीप १४ : ‘किंग’
१४. ‘किंग’ म्हणजे जॅक कर्बी (१९१७–१९९४), मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेले कॉमिक्सचे चित्रकार. जो सायमन यांच्यासह त्यांनी ‘कॅप्टन अमेरिका’ घडवला. मार्च १९४१च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो; अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती, हे ध्यानात घेतले तरच त्या चित्रामागचे धाडस कळते. १९६१पासून स्टॅन ली यांच्यासोबत ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘एक्स-मेन’. वर उल्लेखलेले ‘पानांचे भांडण’ कर्बींनी हाताने रेखाटलेल्या मूळ पानांचे: मार्व्हलने १९८७मध्ये त्यांतली थोडीच परत केली. निर्मितीहक्कांचा दावा वारसांनी लढवला. २०१४मध्ये तडजोड झाली.