न्यूयॉर्कच्या सबवेत नवखा माणूस का चुकतो?

तीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी केलेला माणूस मी. त्यामुळे लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो तेव्हा सबवेची भीती वगैरे काही नव्हती. म्युझियम ८१व्या रस्त्यावर. "बाबा, ५९व्या रस्त्याहून निळ्या गोलातली 'सी' पकडा," असं लेकीने बजावलेलं. निळा गोल दिसला, चढलो. ती निघाली 'ए'. ७२, ८१, ८६... स्टेशनं खिडकीतून मागे पळाली आणि गाडी थांबली ती थेट १२५व्या रस्त्यावर, हार्लेममध्ये. कांजूरला उतरायचं असताना फास्ट पकडून घाटकोपर गाठावं, तसं झालं!

चूक माझीच. रंग मार्गाचा असतो, गाडी अक्षराने किंवा आकड्याने ओळखायची, हा तिथला पहिला धडा. जुन्या नकाशात पांढरा ठिपका म्हणजे फास्ट गाडीही थांबायची, काळा ठिपका म्हणजे फक्त स्लो.

पण काही गाड्यांना अक्षरं आणि काहींना आकडे, असं का? याचं उत्तर इतिहासात आहे.

१९०४ साली पहिला भुयारी मार्ग सुरू झाला. बांधला शहराच्या पैशाने, चालवायला दिला आयआरटी या खासगी कंपनीला. पुढे बीएमटी ही दुसरी कंपनी आली. १९३२ मध्ये शहराने स्वतःचीच तिसरी व्यवस्था उभी केली, आयएनडी. माझी 'ए' गाडी तिचीच पहिली. आयआरटीचे डबे साधारण नऊ फूट रुंद, बाकी दोघांचे दहा. तिकीट पाच सेंट, ते १९४८ पर्यंत वाढलंच नाही. लोक खूश, कंपन्या डबघाईला. शेवटी १९४० मध्ये शहराने दोन्ही कंपन्यांचे मार्ग ताब्यात घेतले.

मालक एक झाला, पण बोगदे कसे एक होणार? रुंद डबे अरुंद बोगद्यात आजही जात नाहीत. आयआरटीच्या मार्गांवर आकडे, बाकी दोघांच्या मार्गांवर अक्षरं. लेकीच्या घराजवळ, जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानांपाशी हे एकाच स्टेशनात दिसतं. वर पुलावरून ७ नंबरची गाडी, खाली भुयारात ई आणि एफ.

दुसरा धडा दिशेचा. अपटाउन म्हणजे मॅनहॅटनमध्ये उत्तरेकडे, डाउनटाउन म्हणजे दक्षिणेकडे. जुने मार्ग रस्ता उकरून, वरच्यावर बांधलेले. त्यामुळे बऱ्याच छोट्या स्टेशनांत एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला आतून वाटच नाही. दोन दिशांचे दोन जिने, रस्त्याच्या दोन बाजूंना. जिना उतरण्याआधी पाटी वाचा. चुकीच्या बाजूला कार्ड टेकवलं तर पैसे गेलेच म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. कितीही लांब जा, भाडं एकच. आत शिरताना कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना काही नाही. पाच सेंटच्या जमान्यातली ही पद्धत अजून टिकून आहे. कामगार वस्तीतल्या माणसाला लांब राहतो म्हणून जादा दंड नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपली मुंबई. मेट्रो १ एकाकडे, २ए आणि ७ दुसऱ्याकडे, ३ तिसऱ्याकडे, लोकल रेल्वेकडे. आता तिकिटासाठी एक अ‍ॅप आलंय, स्वागतच आहे. पण अ‍ॅप वर्षभरात बदलता येतं. दोन स्टेशनांमधला पूल, जिना, फलाटाची जागा एकदा काँक्रीटमध्ये ओतली की संपलं. न्यूयॉर्कमध्ये तीन मालकांनी आपापल्या सोयीने घेतलेले निर्णय शंभर वर्षांनी माझ्यासारख्याच्या पायाला लागले.

म्हणून नवीन स्टेशनाचा आराखडा समोर आला की मंत्र्यांच्या फोटोआधी एवढं बघा: गावाहून पहिल्यांदा आलेली बाई, हातात पिशवी आणि कडेवर पोर, कुणालाही न विचारता एका गाडीतून दुसरीत जाईल का? जाणार नसेल तर हरकत आत्ताच नोंदवा.