घर मोजणारी मुले

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९६ साली इमारतींचे नकाशे काढण्याचा वर्ग निघाला. आपल्याकडच्या वास्तुशिक्षणाची ही सुरुवात. पुढे तेथे क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज अध्यापक आले. त्यांचे विद्यार्थी फीत घेऊन जुन्या भारतीय इमारती मोजत, कागदावर उतरवीत. त्या नकाशांचे पुस्तकच १९३४ साली निघाले.

आता आपले कुडाळ पाहा. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी. पावसाच्या झडीला हे उत्तर आपल्या गवंडी-सुतारांनी दिले, तेही नकाशावाचून! ती घरे आता एकेक करून पडताहेत. तेव्हा गुरुजी, मुलांच्या हाती एक दोरी द्या. घर वाचले नाही, तरी वहीत उरेल.