तळटीप : तीव्रताचिन्हे आणि एका स्टाफवरील अनेक स्वरावली
पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच रेषांच्या एकाच स्टाफवर दोन स्वतंत्र स्वरावली लिहायच्या असतात, तेव्हा वरच्या स्वरावलीतील स्वरांच्या दांड्या वर व खालच्या स्वरावलीतील खाली काढतात, आणि तीव्रताचिन्हे, म्हणजे ‘पियानो’ (हळू), ‘फोर्टे’ (जोरात) यांसारख्या आवाजाच्या लहानमोठेपणाच्या खुणा, त्याच न्यायाने स्टाफच्या वर व खाली लिहितात. चिन्हाची जागा वाचणाऱ्याला पुरते, संगणकाला मात्र ते कोणत्या स्वरावलीस लागू आहे हे वेगळे सांगावे लागते. म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या संगणकप्रणालीत २०२४ मधील ४.४ या आवृत्तीपासून चिन्ह संपूर्ण वाद्याला, एका स्टाफला किंवा एकाच स्वरावलीला जोडता येते. ही जोडणी तपासली नाही, तर पान बिनचूक दिसूनही वादनात साथीची स्वरावली मुख्य स्वरावलीइतकीच जोरात वाजते.