साबणाचा फेस आणि माशांचे पाणी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर एक पाणी, तर घाटाखाली दुसरे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. त्याला येळगाव धरणातले पैनगंगेचे पाणी मिळते. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात गेले, की संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात खारपाणपट्टा लागतो. तिथल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. जुन्या बायका अशा पाण्याला 'जड' म्हणतात. विज्ञान त्यालाच 'कठीण' म्हणते.

ही फेसाची खूण मोठी शास्त्रशुद्ध आहे. पावसाचे पाणी काळ्या दगडातून, चुनखडीतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेते. हे क्षार साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात. ते संपल्याशिवाय फेस टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी हीच गोष्ट मोजमापात बसवली. फेस टिकायला साबणाचे किती द्रावण लागते, त्यावरून पाण्याचा जडपणा ठरू लागला. पाण्यात चुना घालून ते मृदू करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतले.

पण खारे ते सारे जड, असे मात्र नाही. याचा दाखला आपल्या लोणारला आहे. तिथल्या पाण्यात मिठाबरोबर सोडा आहे. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो, म्हणजे पाण्याचा जडपणा काढतो. म्हणूनच विहिरीचे पाणी साबण खाते आणि लोणारचा क्षार साबण करायला उपयोगी पडतो! अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो. काच आणि साबण यांना लागणारे सगळे तिथे मिळते, अशी नोंद त्यात आहे. तो 'साबण' शब्दही अरबी-फारसी 'साबून'चा सगासोयरा.

आता हा हिशेब दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीपर्यंत आणू या. मूल हौसेने मासे आणते, आठवड्यात ते तरंगू लागतात आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो. खरे तर आधी पाण्याकडे पाहावे. गप्पी आणि मोली हे मासे जड पाण्यात सुखाने राहतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला निऑन टेट्रा मृदू पाण्याचा. आपल्या नळाला कोणते पाणी आहे ते पाहून मासा निवडावा, हे सर्वांत सोपे.

मत्स्यपेटीच्या दुकानात जडपणा मोजायचे थेंबांचे संच मिळतात. टीडीएसचे यंत्र त्या कामाचे नाही. ते सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजते, त्यातला जडपणा वेगळा दाखवत नाही. पाणी उकळले तर जडपणाचा एकच भाग जातो; किटलीत पांढरा थर बसतो तो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. आरओचे पाणी जवळजवळ कोरे असते, म्हणून ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटते, पण क्षार मागेच राहतात. अशा वेळी नुसती भर न घालता थोडे जुने पाणी काढून नवे घालावे. पाण्याचा बदल नेहमी हळूहळू करावा.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. 'दुसरा स्रोत नसेल तर' या चार शब्दांत घाटाखालच्या कित्येक गावांचा इतिहास मावतो. पाण्याला साजेसा मासा आपण बाजारातून निवडून आणू शकतो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने मात्र पिढ्यान्पिढ्या आहे ते पाणी प्यायले आणि गोड्या विहिरीसाठी डोक्यावर हंडे घेऊन पायपीट केली. पेटीतल्या माशासाठी पाणी तपासायची सवय लागली, तर तोच संच एकदा आपल्या गावच्या विहिरीवरही न्यावा.